जुंपून पाहिलेली कार्डं

घर्रर्र…

दुपारच्या सामसुमीत तेवढाच एक आवाज झाला. पत्र्याच्या डब्यात कुणी मूठभर तूर सोडावी, एवढासा. पण संगितानं माऊसवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला आणि मान वळवून बाजेकडं पाहिलं.

बाजेवर निता झोपलेली. चार वर्षांची निता झोपायची ती अशी, की उंचावरून कुणी टाकून दिलंय जणू; एक हात डोक्याखाली, एक बाजेबाहेर लोंबता, केस घामानं कपाळाला चिकटलेले. आवाज झाला तशी तिची भुवई हलली. मग नाक. संगितानं श्वास धरला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. त्या पडून संपल्या, तसा डब्यातला आवाजही खाली बसला, आणि निताचे डोळे उघडले.

"याडी," ती म्हणाली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "पाणी."

पाण्यानंतर गोष्ट, गोष्टीनंतर शेजारच्या शेळीला झालेलं पिल्लू बघायला जाणं, पिल्लाला नाव ठेवणं, ते नाव पिल्लाला आवडलं का ते त्यालाच विचारणं. दुपार गेली ती गेली.

आणि ती दुपारच काय ती संगिताची होती. सकाळ पाण्याची, भाकरीची, शेताची. संध्याकाळी वीज नसायची. ते २००६ साल होतं आणि लोडशेडिंगनं सगळ्या हिंगोली जिल्ह्याला चिमण्या-कंदील पुन्हा पुसायला लावले होते. दुपारी मात्र वीज असायची. त्याच वेळेला निता झोपायची, अधूनमधून दचकून उठत का होईना. या दोन गोष्टी एका वेळेला जमून येतात म्हणूनच डोंगरकड्याच्या रस्त्याला लागून असलेल्या या तांड्यावर, पत्र्याच्या खोलीत, लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग चालायचं.

शूटिंग तिचा नवरा करायचा. प्रेमदासच्या खांद्यावर कॅमेरा बसला की तो लग्नातल्या नवरदेवापेक्षाही ताठ चालायचा. पण शूटिंग म्हणजे नुसता कच्चा माल. तीन-चार तासांच्या त्या गर्दीतून कुणाचं जेवताना तोंड वाकडं झालंय ते काढायचं, कुणाचा मामा राहून गेलाय तो शोधून घालायचा, अक्षता पडताना पाकळ्या पाडायच्या, वर गाणं चढवायचं, हे सगळं संगिताचं. लग्नाआधी हिंगोलीला कॉम्प्युटरच्या क्लासात ती हे शिकली होती. सासरी आली तेव्हा तिच्या सामानातली गोधडी सगळ्यांनी उलगडून पाहिली, पण तिला जे येतं ते मात्र प्रेमदासनं कॅमेरा घेतल्यावरच बाहेर आलं. डोंगरकड्यात, शिरड शहापुरात, पार हट्ट्यापर्यंत घरोघरी ज्या सीड्या लागायच्या, त्यात नवरीच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेमका कधी थांबतो आणि कधी हळूच सरकतो, हे तिच्या दुपारांमधून ठरलेलं असायचं. कुणाला ते ठाऊक नव्हतं. तिला होतं.

या वेळचं काम तातेरावांचं. तातेराव डोंगरकड्याचे मोठे शेतकरी, त्यांच्या धाकट्या लेकीचं, पुनमचं लग्न. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुनम माहेरी येणार, त्या दिवशी सगळ्या भावकीत सीडी लावायची असं त्यांनी ठरवून टाकलेलं. त्यातून त्यांनी व्याह्यांकडं नांदेडची कुणाची तरी सीडी पाहिली होती. त्यात नवरा-नवरी गुलाबातून उगवतात आणि मागं मोर पिसारा फुलवतो. तातेरावांनी प्रेमदासला बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, की आपल्या पुनमच्या सीडीत मोर पाहिजे. एक नव्हे, दोन.

मोर घालायला संगिताची ना नव्हती. पण तिचं मशीन पडलं साधं. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, आणि चित्रावर चित्र चढवायचं अवघड काम त्याच कार्डानं करायचं असतं. मोर पिसारा उघडता उघडता अर्ध्यावर थांबायचा, आणि पुनम नि तिचा नवरा तिथंच, तोंडात घास घेतलेले, थिजून बसायचे. कार्ड घेणं भाग होतं.

प्रेमदासनं दुसरा रस्ताही सांगून ठेवला होता. न जमलं तर मिक्सिंग नांदेडला टाकू. तिथं एसीत बसलेली पोरं हेच करतात, तू कशाला उगा उन्हाळ्याची जीव जाळतेस, लेकराकडं बघ. तो प्रेमानंच बोलला होता. म्हणून तर संगिताला त्याच्यावर रागावताही आलं नाही. एकदा नांदेडला गेलेलं काम परत तांड्यावर येत नाही, हे तिला कळत होतं. मग दुपारी निता झोपेल, वीज असेल, आणि ती बसून तूर निवडेल.

*

त्या घरघरीच्या दुपारच्या आदल्या दिवशी कार्ड घ्यायला हिंगोलीला तिघं गेले होते. प्रेमदास, संगिता आणि सासरा धर्मसिंग. धर्मसिंगला बाजारात दावं-कासरा घ्यायचा होता, पण दावं घेऊन झाल्यावर तो दुकानात येऊन बसला आणि मग उठला नाही.

दुकान भागवतचं. भागवत प्रेमदासच्या शाळेतला, आता कॉम्प्युटर विकायचा. त्यानं काऊंटरवर दोन डबे ठेवले, एक लाल, एक हिरवा. दोन्हींचा भाव जवळपास सारखाच. लालवर मोठ्या आकड्यात मेमरी लिहिलेली, दोनशे छप्पन्न. हिरव्यावर एकशे अठ्ठावीस. प्रेमदासनं डोळे मिटून लालकडं बोट केलं. सारख्या भावात दुप्पट मिळत असल्यावर विचार कसला?

संगितानं दोन्ही डबे उलटे केले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते ती वाचत बसली. लालची मेमरी दुप्पट, पण तिच्यातून माल ये-जा करायची वाट चौसष्ट बिटची. हिरव्याची एकशे अठ्ठावीस. हिरव्याचं डोकंही जरा जास्त वेगानं चालणारं. लालला पंखा नव्हता, नुसती ॲल्युमिनियमची जाड पट्ट्या-पट्ट्यांची ढाल. हिरव्याला छोटा पंखा.

"लालची कणगी मोठी हाय," ती प्रेमदासला म्हणाली, "पर तोंड बारकं हाय. भरून ठेवलं लई, काढायला येळ. हिरव्याची कणगी लहान, पर तोंड दुप्पट रुंद. आपल्याला ठेवायचं न्हाई, भराभर काढायचं हाय."

भागवतला हे इतकं आवडलं, की पुढं कित्येक गिऱ्हाइकांना त्यानं ते आपलंच म्हणून सांगितलं.

धर्मसिंगला मात्र कागदावरचं काही पटत नव्हतं. त्याची सगळी हयात बैलांत गेलेली. तांड्याचं कुणी बैल घ्यायला निघालं की त्याला सोबत नेल्याशिवाय जायचं नाही, अशी त्याची नजर. त्यानं दोन्ही कार्डं डब्यातून बाहेर काढायला लावली. एकेक तळहातावर घेऊन वजन पाहिलं. लालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवून बरगड्या मोजल्यासारखं केलं. मग कार्डाच्या कडेला जे सोनेरी दाते असतात, जे मशीनच्या खाचेत बसतात, त्यांच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"दात तर दोघांचे बी झिजले न्हाईत," तो म्हणाला. "वय लहान हाय."

भागवत पाठ फिरवून उगाचच एक केबल गुंडाळू लागला. त्याचे खांदे हलत होते.

धर्मसिंगचा कौल लालला. अंगानं भरलेलं, शांत, डोळ्यात भरण्यासारखं. हिरव्याला पंखा कशाला लागतो? चालायच्या आधीच धाप लागलेल्या जनावराला तो तरी घरी आणणार नाही. पण हे झालं नुसतं बघणं. जुंपल्याबिगर बैलाचं काय कळतं? त्यानं भागवतला सरळ विचारलं, चार दिवस जुंपून पाहायला देतोस का दोन्ही. एक ठेवू, एक आणून देऊ.

भागवत समजावू लागला. दुकानात असं चालत नाही, बापू. डबा फोडला की माल जुना.

"तुझ्या बापानं, ग्यानबानं, माझ्याकडून जोडी नेली," धर्मसिंग शांतपणे म्हणाला. "चार दिस औताला लावली. नांगर वढवला, गाडी वढवली, मग इसार दिला. मी म्हणलो का, ग्यानबा, आता बैल जुना झाला?"

घरी हे बापाच्या कानावर गेलं असतं तर भागवतला रात्री ताट मिळालं नसतं. त्यानं दोन्ही डबे पिशवीत घालून दिले आणि फक्त एवढं म्हणाला, की पावसात भिजवू नका आणि पाणी पाजू नका.

वाटेत टमटममध्ये धर्मसिंगनं सुनेला जुंपायची रीत सांगितली. रान तेच पाहिजे, औत तेच, हाकणारा तोच. एकाला काळ्या रानात आणि दुसऱ्याला मुरमाड रानात घातलं तर तो न्याय नाही. आणि सगळ्यात जड रानात घालायचं. हलक्यात सगळेच पळतात.

संगितानं ते मनावर घेतलं. तिचं सगळ्यात जड रान म्हणजे पुनमची पाठवणी. जीप उभी, पुनम आईच्या गळ्यात, मागं दोन मोर, वरून पाकळ्या, खाली तातेरावांनी सांगितलेली नक्षीची अक्षरं. एवढा एक तुकडा जे कार्ड न अडखळता ओढेल ते ठेवायचं. पारुबाई, तिची सासू, दोन्ही कार्डांना हळद-कुंकू लावायला निघाली होती, तिला कसंबसं डब्यावर लावा म्हणून वळवलं.

*

हिरवं आधी जुंपलं. आणि काय ओढलं त्यानं! मोर पिसारा उघडतोय, पाकळ्या पडताहेत, अक्षरं वळताहेत, आणि पुनम त्या सगळ्यातून आईकडं चालत जातेय, तेही इतकं मऊ, की संगितानं एकटीनंच खुर्चीत बसून हात जोडले. पण पाकळ्या सुरू झाल्या की त्याचा पंखा घर्र करून वर चढायचा, संपल्या की खाली. आणि निता उठायची. पहिल्या दिवशी शेळीच्या पिल्लापर्यंत जावं लागलं ते त्यामुळंच. दुसऱ्या दिवशी तिनं मशीनवर उशी टेकवून पाहिली. मशीन तापलं, उशी तापली, निता उठली ती उठलीच.

बाजेची जागा बदलून पाहावी तर खोली एकच. सासूकडं झोपवावं तर पारुबाई दुपारी बांधावर. धर्मसिंग म्हणाला, मी सांगितलं होतं, धापा टाकतंय. मग लाल जुंपलं.

लाल कार्ड खरंच मुकं होतं. मशीन चालू आहे का बंद तेही कळेना. संगिताला इतका आनंद झाला, की तिनं निताला लवकरच जेवू घालून बाजेवर टाकलं. निता झोपली. खोलीत असं काही सामसूम झालं, की बाहेर निंबाखाली कोंबडी पाय ओढत चाललीय तेही ऐकू यावं. संगितानं माऊसचं बटण दाबलं.

टक्.

निताची भुवई हलली.

एरवी त्या 'टक्'कडं कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण एवढ्या शांततेत ते कुणी दारावर काठी मारावी तसं वाजलं. संगिता बटण दाबण्याऐवजी आता नुसतं कुरवाळू लागली. तरी दूर कुणीतरी बादली ठेवली, तशी निता कुशीवर वळली. एक टमटम रस्त्यावरून गेली, तशी उठून बसली.

आणि कामाचं काय, तर लाल ते पाठवणीचं रान ओढता ओढत नव्हतं. पाकळ्या हवेतच अडकून राहायच्या, मग एकदम दहा-बारा खाली यायच्या. मोर पिसारा टप्प्याटप्प्यानं, कुणाची तरी परवानगी घेत उघडायचा. संगितानं दात-ओठ खात तो तुकडा पुन्हा लावला. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पुनमच्या शेजारी उभ्या तातेरावांच्या फेट्यावर आधी एक हिरवा चौकोन उमटला. मग एक निळा. मग तातेरावांचं अर्धं तोंडच चौकटी-चौकटींचं होऊन गेलं, आणि मशीन आहे तसं थिजलं. संगितानं आत बोट लावून पाहिलं, तर ती जाड ढाल तव्यासारखी तापलेली.

धर्मसिंगला बोलावून दाखवलं. त्यानं पडद्यावरच्या तातेरावांकडं पाहिलं, ढालीवर पालथा हात धरला. मग म्हणाला, "ह्यो बैल आतल्या आत तापतो. सांगत न्हाई." आणि हिरव्याकडं वळून, जरा खालच्या आवाजात, "तो धापा टाकतो ते बरं करून राहिला."

आपला कौल फिरवायला त्याला काही वाटलं नाही. बैल जुंपून बघतात ते त्यासाठीच.

पण त्यानं संगिताचं कोडं काही सुटत नव्हतं. एक काम करतंय, झोपू देत नाही. दुसरं काम करत नाही, झोपूही देत नाही. आखिती तोंडावर आली होती. तातेरावांचा निरोप दोनदा येऊन गेला, मोरांची चौकशी करणारा. दुसऱ्या दिवशी प्रेमदासला नांदेडला एक शूटिंग होतंच. त्यानं कॅसेटींची पिशवी भरून दारामागच्या खुंटीला अडकवली. जाताना टाकून देतो, म्हणाला. आणि वर, "तुझ्यानं झालं न्हाई असं कुणी म्हणणार न्हाई गं. लेकरू हाय म्हणल्यावर कुणाच्यानं होतंय?"

संगितानं हं म्हटलं आणि परातीत पीठ घेतलं. त्या सकाळी भाकरीला काठ आले नाहीत.

पारुबाई बाजूला बसून मिरच्या निवडत होती. सुनेचा चेहरा तिनं पाहिला असावा, पण तिचं चाललं होतं निताबद्दल. पोरगी टमटममध्ये कशी झोपते म्हणे, मागं एकदा हिंगोलीला जाताना डोळा लागला तो हिंगोलीतच उघडला. पिठाच्या गिरणीत नेली तर गिरणीत झोपली. घरी मात्र मुंगीनं पाय आपटला तरी उठते. मग स्वतःशीच हसून ती म्हणाली, "रक्तच लदेणीचं."

लदेणी म्हणजे जुन्या काळी तांड्यावरच्या लोकांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून केलेली मुलूखभरची ने-आण. पारुबाईनं ती पाहिली नव्हती, तिच्या दादीनं लहानपणी थोडीफार पाहिलेली.

"दादी सांगायची," पारुबाई मिरचीचं देठ मोडत म्हणाली, "लेकरं गोणीवर बांधून टाकायची. सगळ्या बैलायच्या गळ्यात घंटा. रस्ताभर घणघण घणघण, आन् लेकरं ढाराढूर. पर तांडा थांबला, घंटा थांबल्या, की सगळी एकदम जागी. घंटा वाजून राहिली म्हणजे आपली माणसं चालून राहिली. थांबली म्हणजे कायतरी झालं."

संगिताचे हात पिठात तसेच राहिले.

निता पंख्यानं उठत नव्हती. पंखा चढतो तेव्हा तिची नुसती भुवई हलत होती. डोळे उघडत होते ते आवाज खाली बसल्यावर. पहिल्या दिवशीही, दुसऱ्याही. आणि लाल कार्डाच्या दिवशी तर घंटा वाजलीच नव्हती.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि पारुबाईच्या हातात उलथनं देऊन ती हात न धुताच खोलीत गेली. हिरवं कार्ड पुन्हा खाचेत बसवलं. त्याच्यासोबत आलेली सीडी लावली. त्यात एक छोटी चौकट होती, जिच्याकडं आजवर तिनं पाहिलंच नव्हतं: पंखा किती जोरानं फिरवायचा. तिथं खूण होती 'आपोआप'वर. संगितानं ती काढली आणि पट्टी मध्यावर नेऊन सोडली. डब्यातून घर्र आलं आणि तिथंच टिकलं. ना वर, ना खाली. दूरच्या गिरणीसारखं.

प्रेमदासला ती म्हणाली, आजची दुपार थांबा. नांदेडचं शूटिंग संध्याकाळचं आहे, उन्हातून जायची घाई कशाला. तो खुंटीवरच्या पिशवीकडं बघून घुटमळला. बरं, म्हणाला, आणि निंबाखाली बाज टाकून आडवा झाला.

*

निता झोपली. पंखा चालत राहिला. पाकळ्या सुरू झाल्या, निताची भुवईसुद्धा हलली नाही. पाकळ्या संपल्या, तरी नाही. संगितानं माऊस टकटकवला. तो त्या घरघरीत विरून गेला. बाहेर शेळी ओरडली, कुणीतरी बादली आपटली, टमटम आली नि गेली. निता ढाराढूर. तोंड उघडं, हात लोंबता, जणू गोणीवर बांधलेली.

मग संगिता जी बसली ती बसली. कितीतरी दिवसांत तिला अशी सलग दुपार मिळाली नव्हती. तिनं मामा शोधून घातला. जेवतानाचं वाकडं तोंड काढलं. अक्षता पडतानाचा भटजीच्या शिंकेचा आवाज गाण्याखाली दाबला. दोन मोर समोरासमोर उभे केले, मग तातेरावांची आठवण होऊन त्यातला एक जरा मोठा केला. सगळ्यात शेवटी पाठवणीला हात घातला. पुनम आईच्या गळ्यातून सुटते तिथं तिनं पाकळ्या जरा थांबवल्या. नुसता चेहरा राहू दिला. सुटलेला हात हवेतच राहतो, तेवढा वेळ. मग पाकळ्या.

ऊन कललं तेव्हा प्रेमदास चूळ भरून आत आला. उभ्या उभ्याच त्यानं पडद्याकडं बघितलं. काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग चालत होतं आणि हिरवं कार्ड ते ओढत होतं, एकदाही न अडखळता. मोर आले तेव्हा तो हसला. पाठवणी आली तेव्हा त्यानं कॅमेऱ्यातून स्वतःच टिपलेला तो हात पाहिला, जो टिपताना त्यानं पाहिलाच नव्हता.

"हे मी घेतलं?" त्यानं विचारलं.

"तुमीच."

त्यानं बाजेवरच्या निताकडं पाहिलं, घरघरणाऱ्या डब्याकडं पाहिलं, दोन्हींचा संबंध काय ते त्याला काही उमगलं नाही. खुंटीवरची पिशवी काढून त्यानं आतल्या कॅसेटी एकेक करून संगिताच्या टेबलावर रचून ठेवल्या. त्यात तातेरावांच्या होत्या तशाच हट्ट्याच्या आणखी एका लग्नाच्याही होत्या. मग रिकाम्या पिशवीत लाल डबा टाकला. नांदेडहून आलो की हिंगोलीला भागवतला देऊन येतो, म्हणाला. धर्मसिंगनं बाहेरूनच सांगितलं, की त्याला सांग, बैलात खोट न्हाई, आपल्या रानाचा न्हाई. थंड मुलखात चालंल.

मोटारसायकल गेली. खोलीत पुन्हा तेवढी घरघर राहिली. संगितानं काम जतन केलं, सीडी लिहायला लावली, ती लिहून निघाली, आणि मग ती पट्टी हळूच खाली ओढली.

पंखा थांबला. निता उठून बसली.

"या," संगिता म्हणाली आणि मांडीवरची जागा तिनं हातानं थोपटली. निता झोपेतच चालत आली, वर चढली, तिच्या गळ्याला गाल लावून पडद्याकडं बघू लागली. तिचं अंग झोपेनं ऊन झालेलं. संगिता तिच्या घामेजल्या केसांवर फुंकर घालत, एकदा पाकळ्या बरोबर जागी सुरू होतात का ते बघायला म्हणून, तो पाठवणीचा तुकडा उलटा मागं ओढू लागली.

पडद्यावर जीप मागं मागं आली. दार उघडलं. पुनम पाठमोरी खाली उतरली. जमिनीवरच्या पाकळ्या उठून वर वर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. पुनम चालत चालत मागं आली, हवेतला हात हातात आला, आणि ती आईच्या गळ्यात जाऊन पडली.

निता खदखदून हसली. तिनं टाळ्या वाजवल्या, पुन्हा करायला लावलं, पुन्हा वाजवल्या. संगितालाही हसू आलं. तिसऱ्यांदा तिनं तो तुकडा सुरुवातीला आणला आणि आता नीट बघावा म्हणून सरळ चालू केला. पुनम आईच्या गळ्यातून सुटली. पाकळ्या पडू लागल्या. जीपचं दार लागलं.

निताच्या टाळ्या थांबल्या. तिनं मान वर करून आईच्या तोंडाकडं पाहिलं.

"याडी, तुला तिला परत आणता येतं," ती म्हणाली, "मग तू तिला पुन्हा काहून पाठवतीस?"